बेघर माणसाला एसटीचा पास द्यावा की नाही? (आधार न मागता)

खाडीकाठ
आमच्या मालवण स्टँडवर एक आजोबा असतात, घर नाही की विचारणारं कोणी नाही. पायाला साखरेच्या आजाराची जखम, त्यावर फडकं आणि वरून दुधाची पिशवी बांधलेली, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. डॉक्टरने ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी दिली, पण भाड्याला पैसे नाहीत म्हणून चालत निघाले आणि चौक्याला रस्त्याकडेला बसलेले दिसले. 75 वरच्यांना 2022 पासून एसटी फुकट आहे, पण वयाचा पुरावा दाखवावा लागतो. ज्याचं गाठोडंच रात्री चोरीला जातं त्याने आधार कुठनं आणायचं? नगरपरिषदेने किंवा दवाखान्याने अशांना जिल्ह्यापुरता पास द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

लालडबा
कंडक्टर आहे म्हणून लिहितो. गाडीत बिनतिकीट माणूस सापडला आणि चेकिंगवाले चढले तर केस माझ्यावर होते, तेव्हा कोणी येत नाही सोडवायला. आणि बेघर कोण हे मी कसं ठरवायचं, पिऊन आलेलासुद्धा तेच सांगणार. गाडीत शाळेची पोरं असतात, माशाच्या टोपल्या घेऊन बायका असतात, त्यात कोणी दंगा केला तर पॅसेंजर मलाच बोलतात. महामंडळ आधीच तोट्यात, त्यात ही नवीन सवलत नको.

खाडीकाठ
दादा, तुम्ही ठरवायचंच नाही, म्हणून तर पास हवा. 75 वरच्यांना मशीनमधून शून्याचं तिकीट देता तसंच द्यायचं, म्हणजे तुमच्यावर केस नाही. सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देतं, 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे त्याचेही सरकारच देतं. बेघर माणसं जिल्ह्यात असून असून किती असणार?

रत्नांग्रीकर
मला नाही पटत. आजारी माणसाला 108 आहे, फुकट आहे. आणि फुकट प्रवास म्हटलं की गावं काय करतात माहितीय? नको असलेला माणूस गाडीत बसवून दुसरीकडे पाठवतात, आमच्या स्टेशनवर असे उतरलेले कितीतरी, त्यांना आपण कुठे आहोत हेही सांगता येत नाही. त्यापेक्षा निवारा बांधा, तिथे डॉक्टर येऊ देत.

मळगाव
निवारा पाहिजेच, पण सरकारी हिशोब 1 लाख लोकसंख्येला एक असा आहे. 2011 च्या जनगणनेत रत्नागिरी शहरच 76 हजारांचं, मग सावंतवाडी मालवण कुठे बसणार त्यात? म्हणून ही माणसं स्टेशनवर झोपतात, आणि कोकण रेल्वेची स्टेशनं शहराबाहेर. रत्नागिरीचं कुवारबावला, सावंतवाडीचं आमच्या मळगावात, राजापूर रोड तर राजापूरपासून किती लांब. झोपायची जागा एकीकडे, काम आणि जेवण बाजारात, आणि रिक्षाला जेवढे लागतात तेवढ्यात दोन वेळचं जेवण होतं.

मालवणी माणूस
माका इतक्याच सांगूचा आसा, 108 न्हेता, परत कोण हाडता? ड्रेसिंग एक दिवसाड करूचा लागता, त्येका 108 येवची नाय.

रत्नांग्रीकर
परतीचा मुद्दा मान्य. पण पाठवून देण्याचं काय? त्याला उत्तर द्या, नाहीतर पास म्हणजे हाकलून द्यायची सोय होईल.

खाडीकाठ
म्हणूनच जिल्ह्यापुरता म्हटलं, आणि पास त्या माणसाच्या हातात, जाण्यायेण्याचा, एकेरी तिकीट कोणी काढून द्यायचंच नाही. जिल्ह्याबाहेर फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर, कारण मनोरुग्णालय रत्नागिरीलाच आहे, सिंधुदुर्गातल्या माणसाला तिकडेच जावं लागतं आणि अशाला एकट्याला गाडीत बसवून चालणार नाही, सोबत जाणाऱ्याचंही तिकीट त्यात धरायला हवं.

लालडबा
फोटो आणि शिक्का असलेला पास असेल तर मी घेईन गाडीत. पण डेपोला लेखी ऑर्डर आली पाहिजे, तोंडी सांगून आम्ही कोणी ऐकणार नाही. आणि पास हरवला, भिजला तर दुसरा त्याच दिवशी मिळाला पाहिजे, नाहीतर परत वाद माझ्याशीच.

खाडीकाठ
बरोबर. नगरपरिषदेच्या रजिस्टरला नंबर आणि फोटो ठेवला की दुसरा काढायला वेळ लागत नाही. अर्ज लिहायला घेतोय, डेपोच्या ऑर्डरचं त्यात टाकतो.