मदत हवी आहे: प्लांट मॅनेजरला हरित आयटीसाठी कसं तयार करायचं?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) आयटी बघतो. हरित आयटी म्हणजे कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर वापरून वीज वाचवणं. जुने सर्व्हर बंद करून व्हर्च्युअल सर्व्हर (एकाच मशीनवर चालणारे अनेक सर्व्हर) आणावेत आणि इंडक्शन फर्नेसवर (धातू वितळवणाऱ्या विजेच्या भट्टीवर) वीज मोजणारं सॉफ्टवेअर बसवावं, असं मला मनापासून वाटतं. साहेब म्हणतात, "फर्नेसपुढं कॉम्प्युटरची वीज ती किती?" ते खरंच आहे. पण धातूचा रस वितळून तयार असतो आणि साचे तयार नसतात, तेव्हा तो नुसता गरम ठेवण्यात किती युनिट जातात, हे आमच्याकडं कुणीच मोजत नाही. माझ्या मते खरी बचत तिथंच आहे.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलकडं ज्यांनी असं काही केलंय त्यांना विचारायचंय: तुमच्या मॅनेजरांना नेमकं कशानं पटलं? वीजबिलानं, की शेजारच्या कारखान्यानं केलं म्हणून? सेबीनं 2022-23 पासून पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर अहवाल (पर्यावरण आणि समाजाबाबतच्या जबाबदारीचा, ज्यात विजेचा वापरही दाखवावा लागतो) सक्तीचा केलाय. त्यामुळं मोठ्या गिऱ्हाइकांकडून तुम्हाला विजेचे आकडे मागितले गेले का? की एखाद्या साहेबांना स्वतःलाच पर्यावरणाची तळमळ होती?

पुढच्या महिन्यात बजेटची मीटिंग आहे. आधीचं आणि नंतरचं बिल कुणी दाखवू शकलं तर फार उपकार होतील.