देवळाली स्टेशनजवळ घर घ्यावं का? आठवड्यातून तीन दिवस दादरला अप-डाऊन

कॅम्पात_नवा

नमस्कार मंडळी. सध्या नाशिकला इंदिरानगरात भाड्याने राहतो. ऑफिसने आता आठवड्यातून तीन दिवस दादरला यायला सांगितलंय, बाकी घरून. पंचवटी एक्सप्रेसने अप-डाऊन करायचं ठरवलंय आणि त्या निमित्ताने स्वतःचा फ्लॅट बघतोय. लामरोडला एक आवडलाय, भगूरच्या बाजूला एक. ब्रोकर म्हणतो, "देवळाली स्टेशन पाच मिनिटांवर, पंचवटी थांबते, नाशिकरोडच्या गर्दीत जायचं कारणच नाही." मी त्या स्टेशनावर आजवर एकदाच उतरलोय, तेही चुकून. पण रिकामा फलाट, मोठी झाडं बघून बरं वाटलं होतं. रोजच्या माणसांनी खरं काय ते सांगा.

शटलवाले_काका

ब्रोकर खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय. देवळाली हे उतरायचं स्टेशन आहे, चढायचं नाही.

आता कसं ते सांगतो. पंचवटी सुटते मनमाडहून. लासलगाव, निफाड करत येते आणि सातच्या सुमारास नाशिकरोडला जो लोंढा आत शिरतो, तो शिरल्यावर उरलेली गाडी देवळालीला येते. तुम्ही फलाटावर, दारात आधीच चार जण, आणि थांबा जेमतेम. पासधारकांच्या डब्यात वर्षानुवर्षांच्या जागा ठरलेल्या. कुणी अंगावर येत नाही, उलट प्रेमाने चहा पाजतील, पण बाकावरचा रुमाल काही हलणार नाही. पासावर आरक्षणाच्या डब्यात टेकलात तर टीसी आहेच. म्हणजे दादरपर्यंत तीन-साडेतीन तास उभे. कल्याणला थोडी मोकळी होते, पण तोवर बसायची हौस फिटलेली असते.

मी २०१९ ला रिटायर झालो. त्याआधी एकोणीस वर्षं हेच. पहिले सहा महिने हट्टाने देवळालीहूनच चढलो, कारण घर तिथून दिसायचं. बायको म्हणायची, घरासमोरून गाडी जाते आणि तुम्ही उलटे नाशिकरोडला कशाला जाता. सातव्या महिन्यात एकदा डाव्या पायाला इगतपुरीला जो गोळा आला तो कसाऱ्यापर्यंत सुटला नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी सव्वासहाला शेअर रिक्षा, विहितगाव मार्गे नाशिकरोड. पाच-सहा किलोमीटर उलटं जायचं आणि बसून त्याच देवळालीवरून पुढे निघायचं. फलाटावर आपलेच शेजारी उभे दिसायचे. हात करायचा.

येताना मात्र देवळालीसारखं सुख नाही. संध्याकाळी सव्वासहाला सीएसएमटीहून सुटते, कसाऱ्याला मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागली की घाट. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, १८६५ साली सुरू झालेला हा थळ घाट. इगतपुरी गेली की खिडकीतून गार वारं लागतं. मग अस्वली, लहवित. लहवितचे दिवे मागे गेले की बॅगा खांद्याला लावायच्या. देवळालीला पंधरा-वीस माणसं उतरतात, गाडी हलते आणि मग एकदम शांत. नाशिकरोडच्या पुलावर लोक एकमेकांच्या टाचा तुडवत असतात तोवर आपण घरी हातपाय धुतोय.

लहवितला झोप लागली तर? मला एकदा लागली. नाशिकरोडलाही जाग आली नाही. उठलो ते निफाडला, तेही शेजारच्याने त्याची पिशवी माझ्या मांडीवरून ओढली म्हणून. कांद्याच्या ट्रकमध्ये पुढे बसून परत आलो. शर्टाचा वास दोन धुण्यांत गेला.

आणि हो, स्टेशन लहान म्हणून हिणवू नका. शेतमाल नेणारी देशातली पहिली किसान रेल ७ ऑगस्ट २०२० ला इथूनच दानापूरला सुटली होती.

विहितगावची

काका म्हणतात ते सकाळचं शंभर टक्के. संध्याकाळचं मात्र पुरुषाच्या नजरेतून लिहिलंय, राग मानू नका काका. रात्री दहाच्या सुमारास देवळालीला उतरलं की ती पंधरा-वीस माणसं आपापल्या गाडीला किक मारून दोन मिनिटांत गायब. रिक्षा असली तर एखादी, आणि ती सांगेल तो भाव. "एकदम शांत" जे म्हणताय ना, तीच शांतता मला नको असते. मी दोन वर्षं नाशिकरोडलाच उतरतेय. गर्दी आहे, पण दिवे आहेत, बाहेर चहाच्या टपऱ्या आहेत, रिक्षावाले तोंडओळखीचे झालेत. दादा, तुमच्या घरातलं आणखी कुणी पुढेमागे अप-डाऊन करणार असेल तर हे आत्ताच धरून चाला.

फ्लॅट बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. गाडीच्या वेळेला रात्री जा.

ओढ्याचा_पाहुणा

तुमचं सगळं मुंबईच्याच तोंडाने चाललंय. आम्ही मनमाडकडे जाणारे. देवळाली-भुसावळ शटल होती तेव्हा गाडी देवळालीहूनच सुटायची, आडवं होऊन जायचो. २०२२ पासून तिची इगतपुरी-भुसावळ मेमू (लोकलसारखी विजेची गाडी) झाली, तेव्हा आडवं व्हायचं राहिलं, बसायला मिळतं. तरी आमची आई अजून तिला शटलच म्हणते.

कॅम्पात_नवा

काका, ताई, खूप आभार. एक अडचण. सकाळी बाईक नाशिकरोडला लावली आणि रात्री देवळालीला उतरलो, तर बाईक तिकडे आणि मी इकडे. शेअर रिक्षाचा मला भरवसा नाही. मग करायचं काय?

शटलवाले_काका

हा प्रश्न सगळ्यांना पडतो, फक्त पहिला पास काढून झाल्यावर पडतो.

मी दोन जुन्या सायकली घेऊन बघितलं. एक या स्टेशनला, एक त्या. तिसऱ्या दिवशी दोन्ही नाशिकरोडला आणि मी देवळालीहून पायी. एकीची चेन पुढे स्टँडवरूनच गेली, सायकल तेवढी ठेवली, भल्या माणसाने. तेव्हा बाईकचा नाद सोडा. घर स्टेशनपासून चालण्याइतकं असेल तरच हा उलटा खेळ जमतो. नसेल तर लामरोडवर नाशिकरोडकडे सरकून घ्या आणि चढा-उतरा तिथेच.

ब्रोकरच्या पाच मिनिटांचं असं करा. लॅपटॉपची बॅग त्याच्या खांद्याला द्या आणि फलाटापासून फ्लॅटच्या दारापर्यंत चालायला लावा. माझ्या वेळच्या ब्रोकरची पाच मिनिटं अठरा निघाली होती. तो निम्म्यात थांबून उसाचा रस प्यायला, पैसे मीच दिले.

बाकी, देवळाली कॅम्पात लष्कराच्या तोफखान्याचा सराव असला की खिडकीच्या काचा थरथरतात. पहिल्यांदा दचकाल. आमचा कुत्रा अकरा वर्षं दचकत होता.

कॅम्पात_नवा

लामरोडवाला फ्लॅट आज रात्री चालून बघितला. बावीस मिनिटं, वाटेत दोन ठिकाणी अंधार. ब्रोकर आला नाही, म्हणाला पाय मुरगळलाय. भगूरच्या बाजूचा उद्या, ताई म्हणतात तसं गाडीच्या वेळेला. बायकोला सोबत नेतोय.

विहितगावची

बॅटरी न्या.