बाळाच्या जिभेवर पांढरा थर: दूध की बुरशी?

आशा_चोपडा
अडीच महिन्यांचं बाळ. ४ दिवसांपासून जिभेवर आणि गालांच्या आतून पांढरे डाग. दूध ओढतं, मधेच सोडून रडतं. ताप नाही. पंधरा दिवसांपूर्वी अँटिबायोटिक झालंय. आजी म्हणतात "तोंड उनं" (तोंड आलं), आणि टाकणखार (बोरॅक्स) मधात खलून चोळतात. आईलाही पाजताना स्तनाग्रांची आग होते. त्यांच्या घरी काय सांगू?

परिचारिका_धुळे
ताई, टाकणखार आणि मध दोन्ही आजच बंद करा. टाकणखारात बोरॉन असतं. ते पोटात गेलं की उलट्या, जुलाब, जास्त झालं तर झटकेसुद्धा. तोंडात लावायचं बोरोग्लिसरीनही त्याच जातीचं. आणि वर्षाच्या आत मध नाहीच, बोट्युलिझमचा (जंतूंच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो. आजींना दुखवू नका, दुखणं त्यांनी बहुतेक बरोबर ओळखलंय.

खात्री करायला ओलं सुती फडकं बोटाला गुंडाळून डाग हलकेच पुसा. दूध असेल तर निघून येतं, खाली जीभ गुलाबी. बुरशी चिकटून बसते. जोर लावला तर खाली लालभडक, कधी रक्ताळलेलं दिसतं. एकदाच बघायचं, खरवडायचं नाही. फक्त जीभ पांढरी असेल तर बहुधा दूधच. गालांच्या आत, हिरड्यांवरही डाग असले तर बुरशी.

बालरोग_जळगाव
अँटिबायोटिकने तोंडातले चांगले जंतू मरतात आणि कँडिडा बुरशीला रान मोकळं मिळतं. डॉक्टर बहुधा बुरशीवरचं औषध, म्हणजे निस्टॅटिनचे थेंब (१ मिलीत १ लाख युनिट) किंवा १ टक्का क्लोट्रिमॅझोल माउथ पेंट लिहून देतील. निस्टॅटिन साधारण १ मिली, दिवसातून ४ वेळा, अर्धं एका गालात अर्धं दुसऱ्या. मात्रा चिठ्ठीवर असेल तीच धरा.

इथेच घोळ होतो: औषध पाजण्याआधी घालतात आणि दुधाबरोबर ते धुऊन जातं. पाजून झाल्यावर घाला. डाग गेले की लगेच बाटली ठेवून देऊ नका, पुढे २ दिवस चालू ठेवा, नाहीतर आठवड्यात परत उगवतं. बुरशीवरचंच मायकोनॅझोल जेल ४ महिन्यांच्या आत नको, घट्ट असल्याने घशात अडकू शकतं.

आईला तपासून बुरशी निघाली तर तिचंही औषध त्याच दिवशी सुरू करा, नाहीतर आई बाळाला आणि बाळ आईला देत राहतं. आग नुसत्या भेगांचीही असू शकते. मग बाळ छातीला नीट लागतंय का ते बघा. अंगावरचं दूध तोडू नका.

परिचारिका_धुळे
बाटलीचं बूच, चोखणी रोज धुऊन उकळा. आईचे आतले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा; आपल्याकडे उन्हाला तोटा नाही. लंगोटाखालीही बघा: मांडीच्या घड्यांत लाल चट्टा आणि भोवती बारीक पुटकुळ्या असतील तर तीच बुरशी.

आशा_चोपडा
आणि थांबायचं कुठवर?

बालरोग_जळगाव
औषध नीट देऊनही ७ दिवसांत उतार नसेल तर परत दाखवा. या वयात ताप आला, दूध घेईना किंवा लघवी कमी झाली तर त्याच दिवशी रुग्णालयात. वारंवार होत असेल तर वजन, कुपोषण आणि एचआयव्ही तपासायला हवं.