'लोन वुल्फ'ला 'एकांडा शिलेदार' म्हणावं का?

प्रश्न :
अमेरिकेतल्या गोऱ्या अतिरेकी संघटनांवरच्या एका लेखाचा अनुवाद करतो आहे. 'व्हाइट सुप्रीमसिस्ट'ला 'वर्णश्रेष्ठत्ववादी', 'लीडरलेस रेझिस्टन्स'ला 'निर्नायकी प्रतिकार' आणि 'लोन वुल्फ'ला, म्हणजे एकट्याने घातपात करणाऱ्याला, 'एकांडा शिलेदार' असे शब्द योजले होते. संपादकबाईंनी तिन्हींखाली लाल रेघ मारून पान परत पाठवलं. कारण विचारायची हिंमत झाली नाही. इथे विचारतो.

प्रतिसाद १ :
पहिल्या रेघेचं कारण सोपं आहे. 'वर्णद्वेष' शब्द दक्षिण आफ्रिकेच्या बातम्यांतून रुळला, तिथे वर्ण म्हणजे रंग हे कुणाला सांगावं लागत नाही. पण 'वर्णश्रेष्ठत्व' म्हटलं की मराठी वाचक थेट चातुर्वर्ण्यात जाऊन बसतो. सरळ 'गोरे' म्हणा.
शिवाय 'श्रेष्ठत्व' नको, 'वर्चस्व' हवं. स्वतःला श्रेष्ठ समजणारा घरी बसूनही समजू शकतो, वर्चस्व मात्र दुसऱ्यावर गाजवावं लागतं. यादवी युद्ध संपल्यावर टेनेसीतल्या पुलास्की गावी कू क्लक्स क्लॅन निघाली. गुलामीतून सुटलेल्या काळ्या माणसांनी मतदान करू नये, जमीन धरू नये म्हणून तिने रात्री घरांवर हल्ले केले. तेव्हा 'गोरे वर्चस्ववादी'.

प्रतिसाद २ :
लेखात 'आर्यन नेशन्स' ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची संघटना असेलच. कृपा करून 'आर्य राष्ट्रे' करू नका. आपल्याकडे आर्य म्हटलं की आर्यभट आणि आर्यसमाज आठवतो. नाव जसंच्या तसं ठेवा.
हिचा शेवट मात्र सविस्तर घ्या. आयडाहोत हेडन लेकजवळ हिचा तळ होता. तिथल्या पहारेकऱ्यांनी १९९८ साली रस्त्यावरून जाणाऱ्या मायलेकांवर गोळ्या झाडल्या. २००० साली ज्युरीने ६३ लाख डॉलरची भरपाई ठोठावली आणि तळच हातचा गेला. संस्थापक रिचर्ड बटलर २००४ मध्ये वारला, मग जो तो म्हणू लागला, खरी आर्यन नेशन्स आमचीच. मूळ नावापुढे कंसात गटप्रमुखाचं नाव लिहायची आपली पद्धत इथे फार सोयीची पडेल!

प्रश्नकर्ता :
या फाटाफुटीला 'भाऊबंदकी' चालेल का?

प्रतिसाद ३ :
मोह होतो खरा. ऑगस्ट २०१७ मध्ये या गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलला 'युनाइट द राइट', म्हणजे उजव्यांनो एक व्हा, म्हणून मेळावा भरवला. एकाने विरोधकांच्या गर्दीत गाडी घातली, हीदर हायर ही तरुणी मारली गेली. त्यानंतर खटले मागे लागले आणि एकी राहिली बाजूला. 'व्हॅनगार्ड अमेरिका' या त्यांच्याच गटातून फुटून 'पेट्रियट फ्रंट' निघाली. आणखी एक पक्ष मार्च २०१८ मध्ये मोडला, तो नेता आणि त्याचा सावत्र सासरा यांच्या घरगुती मारामारीत.
तरी 'भाऊबंदकी' नको. तिला मागे वतन लागतं, वाटणी लागते. इथे वाटून घ्यायला होतं काय? झेंडे आणि ढाली. 'फाटाफूट' पुरे.

प्रतिसाद ४ :
फाटाफूट आणि 'लीडरलेस रेझिस्टन्स' यांत गल्लत नको. फाटाफूट होते, हे ठरवून केलेलं आहे. टेक्ससमधला क्लॅनचा माजी पुढारी लुई बीम याने १९८३ साली ही कल्पना मांडली आणि १९९२ मध्ये पुन्हा छापली. उतरंडीची संघटना असली की सरकारचा एक खबऱ्या आत शिरतो नि सगळी उतरंड कोसळते. म्हणून नेता नको, याद्या नकोत, हुकूम नकोत, लहान लहान टोळ्यांनी आपापलं उरकावं.
'निर्नायकी' इथे उलटा अर्थ देतो. मराठीत निर्नायकी म्हणजे नेता नसल्याने माजलेली बजबजपुरी. इथे नेता नसणं हाच बेत आहे. मी 'नेत्याविना लढा' लिहीन. दिसायला साधं आहे, पण चुकीचं नाही.

प्रतिसाद ५ :
'गनिमी कावा' का नको?

प्रतिसाद ४ :
गनिमी काव्यात पांगलेले स्वार ठरल्या जागी पुन्हा एकत्र येतात, कारण वर हुकूम देणारा कुणीतरी असतो. शिवाय तो शब्द या लोकांना बहाल करायचा?

प्रतिसाद ६ :
हेच 'एकांडा शिलेदार'चं. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर येतो, बारगीर सरकारी घोड्यावर. एकांडा म्हणजे कुणाच्या पथकात नसलेला. आज आपण हा शब्द कौतुकाने वापरतो : एकट्याने शाळा चालवणारा मास्तर, एकट्याने गडकिल्ले धुंडाळणारा संशोधक. 'लोन वुल्फ'ही मुळात निरुपद्रवी नाही. नव्वदच्या दशकात टॉम मेट्झगर आणि अ‍ॅलेक्स कर्टिस या गोऱ्या वर्चस्ववाद्यांनीच तो आपल्या माणसांना चढवायला वापरला. त्यांची बिरुदावली आपण का मिरवायची?
आणि हा घोडा स्वतःचा असतो असंही नाही. ओक्लाहोमा सिटीत १९९५ साली बॉम्बस्फोटात १६८ माणसं मेली, त्या बॉम्बच्या तयारीत टिमोथी मॅक्व्हेसोबत टेरी निकल्स होता.

प्रतिसाद ७ :
मग 'माथेफिरू'? बातम्यांत तोच चालतो.

प्रतिसाद ६ :
तो तर सगळ्यात वाईट. माथं फिरलं म्हटलं की प्रश्न डॉक्टरचा झाला, संघटना सुटली. ५ ऑगस्ट २०१२ ला विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात गोळीबार करणारा 'हॅमरस्किन्स' या गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या टोळीत होता, त्यांच्या द्वेषगीतांच्या बँडमध्ये वाजवायचा. त्याला माथेफिरू म्हटलं की ती सगळी वर्षं पुसली जातात. 'एकटा हल्लेखोर' लिहा, आणि पुढच्याच वाक्यात तो कुणाकुणात वावरला ते लिहा.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. 'गोरे वर्चस्ववादी', 'नेत्याविना लढा', 'एकटा हल्लेखोर' करून पान परत पाठवलं. आता नवी रेघ 'हल्लेखोर'खाली आली आहे. बाई विचारतात, बॉम्ब ठेवून निघून गेलेला हल्लेखोर कसा?