विषय: पुलांच्या कामातल्या अनोळखी इंजिनिअर्सना काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

वालचंद, सांगलीहून सिव्हिल करून मी इथे न्यू जर्सीत स्ट्रक्चर्समध्ये मास्टर्स पूर्ण केलं. ओपीटी (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करण्याची परवानगी) सुरू झाली आहे आणि त्यात नोकरीविना एकूण ९० दिवसच काढता येतात. लिंक्डइनवर पुलांचं काम करणाऱ्यांना मी असं लिहितो आहे:

“रिस्पेक्टेड सर, आपल्या कंपनीत काम करण्याची माझी मनापासून इच्छा आहे. मी मेहनती असून शिकण्यास उत्सुक आहे. सोबत रेझ्युमे जोडला आहे. योग्य जागा असल्यास कृपया रेफर करावे.”

उत्तरं जवळजवळ येतच नाहीत. यात काय बदलू?

– विद्यार्थी सदस्य

*

पूल तपासणी आणि लोड रेटिंगच्या (पूल किती भार पेलू शकतो ते ठरवण्याच्या) कामात मी बरीच वर्षं आहे. असे संदेश मलाही येतात, म्हणून वाचणाऱ्याच्या बाजूने सांगते.

तुझा रेझ्युमे उघडायचा, आमच्या कुठल्या ऑफिसात जागा आहे ते शोधायचं आणि मग ज्याला कधी भेटले नाही त्याच्यासाठी शब्द टाकायचा, एवढं सगळं तू मागतो आहेस. आमच्याकडे रेफरलच्या फॉर्मवर प्रश्न असतो: या उमेदवाराला तुम्ही कसं ओळखता? तिथे मी काय लिहू? मदत करावीशी वाटते, पण हात थांबतो.

त्याऐवजी दोन ओळींत उत्तर देता येईल असा प्रश्न विचार, आणि तोही त्या माणसाच्या कामातलाच. उदाहरणार्थ, एनएचआयचा (नॅशनल हायवे इन्स्टिट्यूट, इथली सरकारी प्रशिक्षण संस्था) पूल तपासणीचा दोन आठवड्यांचा कोर्स असतो. तो आधी स्वतःच्या खर्चाने करावा, की कंपनी रुजू झाल्यावर पाठवते? हे वेबसाइटवर वाचून कळत नाही. रोज त्या कामात असलेला माणूस मात्र चहा पिता पिता सांगू शकतो. १९६७ साली ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली. त्यानंतर देशभर तपासणीचे नियम आले आणि आज बहुतेक पूल साधारण दर २४ महिन्यांनी तपासावे लागतात. म्हणजे हे काम न संपणारं आहे. त्याबद्दल कोणी समजून-उमजून विचारलं की आम्हाला खरंच आनंद होतो.

मेहनती आणि उत्सुक हे शब्द काढून टाक. सगळेच तसं लिहितात. एफई (इंजिनिअरच्या परवान्याकडे नेणारी पहिली परीक्षा) पास आहेस का? असशील तर ते पहिल्या दोन वाक्यांत हवं. आमची नजर आधी तिकडेच जाते. ‘रिस्पेक्टेड सर’ नको, इथे पहिल्या नावाने लिहिलेलं कोणाला खटकत नाही. जोडणीच्या विनंतीसोबतची चिठ्ठी तशीही दोन-तीनशे अक्षरांत संपवावी लागते, तेव्हा एकच गोष्ट सांग, एकच विचार.

माणसं शोधताना लिंक्डइनवर वालचंदच्या पानावर माजी विद्यार्थ्यांची यादी बघ. कोण कुठे राहतं, कुठे काम करतं, यावरून ती गाळता येते. ओळख नसताना त्रास कसा द्यायचा, हा संकोच आपल्याकडे खोल रुजलेला आहे; तो मनातून काढ. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ सालीच दाखवलं होतं की नोकरीची बातमी जवळच्या मित्रांपेक्षा लांबच्या ओळखीतून जास्त येते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते बहुधा आपल्यालाही माहीत असतं.

– सदस्य, एडिसन

*

ताईंचं पटलं, पण एका प्रसंगात मी वेगळं सांगेन. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. मी त्यातून गेलो आहे. तेव्हा जुन्या सहकाऱ्यांशी आडवळणाने बोलू नये. सरळ लिहावं: नोकरी गेली, अमुक तारखेच्या आत नव्या कंपनीची पिटिशन दाखल व्हायला हवी, तुमच्याकडच्या या जागेसाठी रेफर कराल का? जागेचा क्रमांक आणि लिंक द्यावी, म्हणजे त्यांना शोधत बसावं लागत नाही. ‘जमत नसेल तर तसं सांगा, मला वाईट वाटणार नाही’ हेही लिहावं, आणि ते मनापासून लिहावं. मला नोकरी अशाच एका मेलमुळे मिळाली.

पण हे ज्यांनी आपलं काम पाहिलं आहे त्यांच्यासाठी. अनोळखी माणसाला ताई म्हणतात तसंच लिहावं.

– सदस्य, प्रिन्स्टन

*

दोघांचेही आभार. नवा मसुदा:

“नमस्कार, मी वालचंदचा. इथे स्ट्रक्चर्समध्ये मास्टर्स केलं, एफई पास आहे. तुम्ही पूल तपासणीत आहात म्हणून विचारतो: एनएचआयचा कोर्स नोकरीआधी केल्याने फरक पडतो, की कंपन्या नंतर पाठवतात? एका ओळीत सांगितलंत तरी पुरे.”

– विद्यार्थी सदस्य

*

छान, पाठव. उत्तर आलं की त्याच दिवशी आभार मान आणि त्यांच्या सल्ल्यावर तू काय केलंस ते आठवड्याभरात कळव. जागेबद्दल विचारायचं ते त्यानंतर. तोवर फॉर्मवर लिहिण्याइतकी ओळख झालेली असते. उत्तर नाहीच आलं तर एकदा आठवण कर, दुसऱ्यांदा नको.

मंडळात पुलांच्या कामातले आणखी काही जण आहेत. तुझं नाव पुढे करण्याआधी मी त्यांना विचारते. हो म्हणाले की तुम्हाला एका मेलवर घेते. रेझ्युमे मला आज रात्रीपर्यंत पाठव. लोड रेटिंगवर प्रोजेक्ट केला असशील तर तो अगदी वर घे.

– सदस्य, एडिसन