बिनाका गीतमाला, विशेष जयमाला आणि पोस्टकार्डांचा कौल : तुमच्या आठवणी लिहा

गुलमोहर (धागाकर्ती)
परवा नातीने एका गाण्याला यूट्यूबवर किती लाख प्रेक्षक मिळाले ते दाखवले आणि मला बुधवारची रात्र आठवली. आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सयानींचा ‘बहनों और भाइयों’ हा पुकार ऐकू आला की आमच्या वाड्यात वाढलेली पानेसुद्धा खोळंबत असत. 3 डिसेंबर 1952 रोजी ‘बिनाका गीतमाला’ हा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा त्यात सात गाणी वाजत आणि श्रोत्यांनी त्यांचा योग्य क्रम लावून पाठवायचा असे. बक्षीस 100 रुपये होते आणि पहिल्याच कार्यक्रमाला 9,000 पत्रे आली. लोकप्रियतेनुसार ‘पायदान’, म्हणजे गाण्यांची क्रमवार पायरी, लावण्याची पद्धत त्यानंतर आली. त्या काळातला लोकांचा कौल आणि रेडिओवर आलेले कलावंत, दोन्हींविषयी लिहावे.

तबकडी
ताई, माझ्या वडिलांचे ग्रामोफोनच्या तबकड्यांचे दुकान होते, म्हणून क्रमवारीची आतली बाजू थोडी सांगतो. ती प्रामुख्याने ठिकठिकाणच्या दुकानांतील विक्रीवर बेतलेली असे. परंतु एखाद्या गाण्याची मागणी इतकी वाढे की माल संपून जाई, आणि ज्या आठवड्यात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परतत असे, नेमक्या त्याच आठवड्यात विक्रीचा आकडा खाली येई. शिवाय आपले गाणे वर चढावे म्हणून हितसंबंधी मंडळींनी तबकड्या घाऊक विकत घेण्याचा धोकाही होताच. म्हणून श्रोता संघांची, म्हणजे गावोगावी रेडिओ ऐकणाऱ्यांनी काढलेल्या मंडळांची, मतेही जमेस धरली जाऊ लागली. लाखेची, मिनिटाला 78 फेऱ्यांची तबकडी वडील कडेने दोन तळव्यांत धरून उजेडाकडे तिरपी करत, चरा नाही याची खात्री करत आणि मगच बांधून देत. तिच्या विक्रीची नोंद हे एक मत आहे, या जाणिवेने ते वही लिहीत.

माळावरची
आमच्या श्रोता संघात पोस्टकार्डावर सर्वांची नावे दाटीवाटीने लिहिली जात. तेव्हाच्या बिहारमधल्या (आता झारखंड) झुमरीतलैया गावाची नावे रेडिओवर सारखी येत आणि आमच्या गावाचे एकदाही आले नाही, याची खंत आजही आहे.

निवृत्त फौजी
मी कलावंतांविषयी लिहितो. विविध भारती 3 ऑक्टोबर 1957 रोजी सुरू झाली, आणि तिच्यावरील ‘जयमाला’ हा आम्हा जवानांचा कार्यक्रम होता. इतर दिवशी आमच्या फर्माइशी वाजत. शनिवारच्या विशेष जयमालेत मात्र चित्रपटसृष्टीतील एखादी व्यक्ती स्वतः बोले, आपल्या आवडीची गाणी निवडे आणि त्यांच्यामागच्या आठवणी सांगे. पडद्यावर ज्यांना दुरून पाहिले, ती माणसे ‘फौजी भाइयों’ म्हणत थेट आमच्याशी बोलत, तेव्हा बराकीत कोणी कूससुद्धा बदलत नसे. गाणे कितव्या क्रमांकावर आहे याचा विचार तिथे कोणाच्याही मनात येत नसे.

सांजवात
फौजी काका, आपले लेखन वाचून डोळे भरून आले. एक गोष्ट जोडते. सिलोनकडे लोक वळले, कारण बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली होती. ते आपले मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीतावर त्यांची खरी निष्ठा होती आणि अनेक गुणी गायक-वादकांना त्यांच्या काळात आकाशवाणीचा आधार मिळाला, हे मान्य करूनही मला वाटते की सामान्य श्रोत्याच्या आवडीवर त्यांनी अन्याय केला. गीतमालेचे ध्वनिमुद्रण मुंबईत होई, फिती विमानाने कोलंबोला जात आणि तिथून प्रक्षेपित झालेला आवाज समुद्र ओलांडून पुन्हा आपल्याच घरात येई. विविध भारती ही या सगळ्यावर सरकारला द्यावी लागलेली कबुलीच होती.

तबकडी
सांजवात, पूर्ण सहमत. 1989 मध्ये गीतमाला विविध भारतीवरच आली, हेही नोंदवायला हवे. ‘एस. कुमार्स का फिल्मी मुकदमा’ कोणी ऐकला आहे का? त्यात सयानी कलावंतांवर लटके आरोप ठेवत आणि त्यांना उत्तरे द्यावी लागत. ज्यांना आठवत असेल त्यांनी सविस्तर लिहावे.