आयकोसाहेड्रॉन: तिसरं कार्ड आत जात नाही
प्रश्न: आयकोसाहेड्रॉन (२० त्रिकोणी बाजूंची घनाकृती) बनवायला, एकमेकांत अडकवण्यासाठी १० × १६.२ सेंमीची तीन कार्डं कापली, प्रत्येकाच्या मधोमध १० सेंमीची खाच. दोन बसतात, तिसरं दुमडल्याशिवाय जातच नाही. काय चुकतंय?

— मापं बरोबर आहेत. खाच लांब बाजूला समांतर हवी, दोन्ही टोकांना ३.१ सेंमी सोडून. फक्त एकाच कार्डाची खाच आखूड कडेपर्यंत उघडी कापा. आधी बंद खाचांची दोन अडकवा, मग उघडं तोंड पुढे करून तिसरं सरकवा.

— आणि नुसती कटरची रेघ नको! कार्डाच्या जाडीइतकी बारीक पट्टी काढा, नाहीतर कार्ड फुगतं. जास्त काढलीत तर सगळं लुळं पडतं.

— उघडी खाच शेवटी सेलोटेपने जोडा. मग शेजारच्या कोपऱ्यांत दोरा ओवा: २४ कडा दोऱ्याच्या, उरलेल्या ६ म्हणजे कार्डांच्याच आखूड बाजू.